भाकरी बसवराजची, भांडी ओंकारची: जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमधली कामवाटणी

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरचा टू-बीएचके, लिफ्ट नाही, राहणारे आम्ही चौघं. नावं बदलली आहेत, ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशीलही इकडचे तिकडे केलेत. आकडे मात्र वहीतले आहेत. वही अजून माझ्याकडेच आहे.

बसवराज अक्कलकोट तालुक्यातला. घरी कन्नड, बाहेर मराठी, एमपीएससीचा अभ्यास, पहाटे चारला उठणार म्हणजे उठणार. महेश मोहोळकडचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची शिफ्ट आठवड्याला बदलायची. ओंकार बार्शीचा, नव्या पेठेत एका सीएकडे आर्टिकलशिप करणारा. चौथा मी, सांगोल्याकडचा. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होतो. तिघंही मला 'सर' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधी लावला नाही.

दुपारचं ज्याचं त्यानं बाहेर खायचं आणि रात्रीचं घरी. रविवारी चूल बंद. कामाची पद्धत सगळ्या पोरांच्या खोल्यांवर असते तीच: पाळी. ज्याची पाळी, त्यानं त्या दिवशी स्वयंपाक, भांडी, झाडू-फरशी सगळं करायचं. पाणी सुटलं तर तेही त्यानंच भरायचं. कागदावर यापेक्षा न्याय्य काही असू शकत नाही.

अडचण

बसवराजच्या पाळीला साडेआठला ताट वाढलेलं असायचं. ओंकारच्या पाळीला साडेदहा वाजले तरी कुकरची शिट्टी नाही. झालेल्या भाकरीला सोलापूर जिल्ह्याच्या नकाशासारख्या कडा. महेशची दुसरी शिफ्ट असली की तो रात्री पावणेबाराला यायचा, म्हणजे त्याच्या पाळीला सगळ्यांचाच उपास. मग पाळ्यांची अदलाबदल. "परवा मी तुझी केली होती, बे." "ती मंगळवारची होती, ती फिटली." अशी उधारी कुणाच्याच लक्षात नीट राहत नाही. प्रत्येकाला आपलंच येणं जास्त वाटतं.

कडेलोट पाण्यावरून झाला. सोलापूरबाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. शहराला पाणी येतं ते मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीनं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात ते चार-पाच दिवसांआड सुटायचं, आणि वेळ चावीवाल्यालाच माहीत. कधी रात्री बारा, कधी पहाटे साडेतीन. मोटर लावायची, पाइप वर ओढायचा, तीन बॅरल आणि दोन पिंपं भरायची. दीड तासाचं काम.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी आलं ते ओंकारच्या पाळीला, पहाटे साडेतीनला. त्यानं गजर लावला होता. तो वाजला, त्यानं बंद केला आणि कूस बदलली. पुढचे चार दिवस प्यायला विकतचे जार आणि बाकी सगळ्याला बोअरचं खारं पाणी, ज्यानं साबणाला फेसही येत नाही. महेश कारखान्यात अंघोळ करून यायचा. पिठल्याची करपलेली कढई दोन दिवस मोरीत भिजत पडली. तिसऱ्या दिवशी बसवराज ती उचलून हॉलच्या मधोमध ठेवून अभ्यासिकेत निघून गेला. एक शब्द बोलला नाही.

त्याच सकाळी मी वर्गात रिकार्डो शिकवून आलो होतो.

फळ्यावरचा तक्ता

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनं १८१७ साली मांडलेलं उदाहरण असं. ठराविक कापड तयार करायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, ठराविक वाइन करायला १२०. पोर्तुगालला तेवढ्याच कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. ॲडम स्मिथच्या निरपेक्ष लाभाच्या, म्हणजे कमी कष्टात कोण करतं एवढंच बघणाऱ्या हिशेबानं पाहिलं तर पोर्तुगालला इंग्लंडची गरजच काय? रिकार्डोचं उत्तर असं की गरज आहे, कारण पोर्तुगालची आघाडी वाइनमध्ये मोठी आहे आणि कापडात थोडी. त्यानं वाइन करावी, कापड इंग्लंडकडून घ्यावं. दोघांचेही कष्ट वाचतात. यालाच आपण तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत म्हणतो.

कापडाचं उदाहरण सोलापूरच्या पोरांना समजावावं लागत नाही. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, म्हणजे हुशार माणसानं सगळं करायचं नाही, असंच ना?" मी हो म्हणालो. घरी आलो तर समोर ती कढई. आमचा पोर्तुगाल सगळं करून करून वैतागला होता.

मोजणी

मी तिघांना बसवलं आणि म्हणालो, पंधरा दिवस फक्त मोजू. प्रत्येकानं प्रत्येक काम आलटून पालटून करायचं आणि लागलेली मिनिटं वहीत लिहायची. महेश म्हणाला, "कारखान्यात टाइम-स्टडी, घरीपण टाइम-स्टडी." पण लिहिली.

चौघांच्या रात्रीच्या जेवणाला, म्हणजे भाकरी, एक भाजी, आमटी, भात, बसवराजला ५० मिनिटं लागत. महेशला ७५, मला ९०, ओंकारला १२०. त्यानंतरच्या भांड्यांना बसवराजला २०, महेशला २५, ओंकारला ३० आणि मला ३०.

नुसती मिनिटं बघितली तर बसवराज दोन्हींत पहिला, ओंकार दोन्हींत शेवटी. पण बघायची असते ती एका माणसाच्या दोन कामांमधली पट. बसवराजला एका स्वयंपाकाच्या वेळात अडीच वेळा भांडी घासून होतात, महेशला आणि मला तीन वेळा, ओंकारला चार वेळा. ज्याची पट सगळ्यात कमी, त्याला चूल सगळ्यात स्वस्त. ज्याची सगळ्यात जास्त, त्यानं मोरी धरावी. मधल्यांना कुठंही बसवता येतं.

दोन दिवसांचा हिशेब बघा. पाळीनं गेलो तर बसवराजचा दिवस ७० मिनिटांचा, ओंकारचा १५०. मिळून २२०. दोन्ही दिवस बसवराज चुलीवर आणि ओंकार मोरीवर असेल तर १०० आणि ६०, मिळून १६०. एक तास वाचला.

इथं मी खडू ठेवल्यासारखं पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे बघितलं. बसवराज वहीत बघत होता. "सर, माझे सत्तरचे शंभर झाले. ह्याचे दीडशेचे साठ. तास वाचला तो कुणाचा?"

वर्गात हा प्रश्न मला तोवर एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय, आहे तसंच चालू ठेवायचं आणि नियम कडक करायचे. महेशचा कल याकडे होता, उशीर झाला तर दंड वगैरे. दंडानं ओंकारची भाकरी गोल होणार नव्हती.

दुसरा, मावशी लावायच्या. शेजारच्या इमारतीत येणाऱ्या मावशींना विचारलंही. भांडी-फरशी त्या करायला तयार होत्या, पण दुपारी. दुपारी आमच्याकडे दार उघडायला कुणी नाही, आणि बसवराजला त्याच्या वाट्याचे पैसे जड होते. तिसरा, डबा. तो आधी तीन महिने खाऊन झाला होता. सोडा मारलेल्या आमटीची आठवण ताजी होती.

चौथा, मोजणीनुसार वाटणी करायची आणि बसवराजचं नुकसान कसंतरी भरून काढायचं. सगळी खरी चर्चा या 'कसंतरी'वर झाली.

आधी कामाच्या बदल्यात काम असा दर काढायचा प्रयत्न केला. बसवराजनं ओंकारचा एक स्वयंपाक केला तर ओंकारनं त्याच्या भांड्यांच्या किती पाळ्या करायच्या? अडीचपेक्षा कमी दिल्या तर बसवराज तोट्यात. चारपेक्षा जास्त दिल्या तर ओंकार तोट्यात. तीन ठरवल्या. बसवराज ५० मिनिटं देतो आणि ६० वाचवतो. ओंकार ९० देतो आणि १२० वाचवतो. दोघांचंही भलं. पण दोन-तीन फेऱ्यांत बसवराजच्या भांड्यांच्या पाळ्याच संपल्या. स्वयंपाक अजून शिल्लक, आणि मोबदल्यात घ्यायला काही नाही.

मग ओंकारनं पैशाचं काढलं. महिन्याला अमुक रुपये बसवराजला द्यायचे किंवा किराण्यात सूट द्यायची. हिशेबानं यात काहीच चूक नव्हती. बसवराज उठून उभा राहिला. "साकु, पुरे. मी तुमचा आचारी नाही, बे." आणि दार लावून घेतलं.

ही या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा. पैसे ही सगळ्यात सोयीची चलनी वस्तू असेलही, पण चार रूममेट्समध्ये एकानं दुसऱ्याला स्वयंपाकाचे पैसे दिले की दुसऱ्या दिवसापासून भाजीत मीठ कमी पडल्यावर बोलायचा सूर बदलतो. बसवराजला तो आधीच ऐकू आला होता.

तोडगा महेशनं काढला, आणि त्याला अर्थशास्त्राचा गंध नाही. दोन खोल्यांपैकी गॅलरीकडची खोली ओंकार आणि महेशची होती. तिथं टेबल, खिडकी, पहाटे गारवा. ओंकार तिथं फक्त झोपायचा. बसवराज माझ्या खोलीत पहाटे चारला मोबाइलच्या उजेडात वाचायचा, माझी झोपमोड होऊ नये म्हणून. "ह्याला गॅलरी द्या, ओंकार सरांकडं जाईल." ओंकारचं त्यात काही जात नव्हतं. बसवराजला पहाटेचे तीन तास मिळत होते. ज्याला जे स्वस्त, ते त्यानं द्यावं. रिकार्डो खोलीवाटपालाही लागू पडतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काय केलं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून नवी घडी बसली. पाच दिवस बसवराजचा स्वयंपाक, एक दिवस महेशचा, त्याची दुसरी शिफ्ट असेल तर माझा. भांडी रोज ओंकारकडे. झाडू-फरशी आणि महिन्याचा किराणा माझ्याकडे, भाजी महेशकडे.

पाणी मोजणीच्या बाहेर ठेवलं. बॅरल भरायला सगळ्यांना सारखाच दीड तास लागतो, तिथं कौशल्याचा प्रश्न नाही. प्रश्न इतकाच, की त्या वेळी जागं राहणं कुणाला स्वस्त आहे. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात एकच्या आत पाणी आलं तर महेश, कारण तो जेवून मोबाइल बघत बसलेलाच असतो. चारनंतर आलं तर बसवराज, मोटर लावून तिथंच पुस्तक उघडणार. मधल्या वेळेत आणि महेशची दुसरी शिफ्ट नसताना मी. ओंकारला गजरावरून कायमचं मुक्त केलं. हा त्या सगळ्या वाटणीतला सर्वांत शहाणा निर्णय होता, असं मला अजून वाटतं.

स्वयंपाक आणि भांडी मिळून आधी दिवसाला सरासरी ११० मिनिटं जात होती, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ६६०. नव्या पद्धतीत ती ५०५ ते ५२० वर आली. आठवड्याला साधारण अडीच तास. जेवण पावणेनऊच्या पुढे गेलं नाही. पाणी एकदाही चुकलं नाही.

बिघडलं ते

पहिले तीन आठवडे मी वर्गातही या वाटणीचं कौतुक सांगत होतो. मग ऊन चढलं.

रिकार्डोच्या तक्त्यात शंभरावा माणूसही पहिल्याइतकंच कापड विणतो. एप्रिल-मेमधल्या सोलापुरात वरच्या मजल्याचं स्वयंपाकघर असं नसतं. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, आत गॅसवर तापलेला तवा, पंखा लावला तर ज्योत हलते म्हणून तो बंद. सलग पाचव्या दिवशीची बारावी भाकरी पहिलीच्या वेगानं होत नाही. बसवराजची ५० मिनिटं मेच्या सुरुवातीला ६५ वर गेली होती. वहीत ते दिसत होतं, पण वही उघडून कोण बघतंय?

मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं आणि तो अकरा दिवस गावी गेला. पहिल्या दिवशी महेशनं खिचडी केली, दुसऱ्या दिवशी मी खिचडी केली, तिसऱ्या दिवशी अंडी. महेशची शिफ्ट बदलली आणि आम्ही वडापाववर आलो. घरात ज्वारीचं पीठ होतं, गॅस होता, भाजी होती. हात नव्हता. माझा स्वयंपाक पूर्वी ९० मिनिटांत व्हायचा, तो दोन महिन्यांत मीही विसरलो होतो. मोजणीच्या वेळी आम्ही बसवराज गावी जाणार हे गृहीतच धरलं नव्हतं. त्याची जत्रा, त्याची परीक्षा, त्याचा ताप, काहीच नाही.

तो परत आला तो कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणी घेऊन. त्याच्या आईनं दिलेली. "पुढच्या वेळी मी गेलो तर पुरेल," म्हणाला. साठवण हाही एक उपाय आहेच.

पण खरा बदल पुढच्या रविवारी झाला. त्यानं ओंकारला चुलीपुढे उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसला. पीठ तीन आठवडे जुनं होतं. ओंकारनं मळलं, थापायला घेतलं आणि कडा फाटल्या. "विरी गेली पिठाची, चिकटपणा राहिला नाही. उकळतं पाणी घाल, चमच्यानं हलव, मग मळ." ओंकारनं तसं केलं. परातीत हात फिरायला लागला. भाकरी तव्यावर टाकताना अर्धी दुमडली, दुसरी नीट पडली. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ज्वाळेवर धरल्यावर ती टम्म फुगली. ओंकारनं पेपर सुटल्यासारखं आमच्याकडे बघितलं.

तिथून दर रविवारी चूल ओंकारची. जूनअखेर त्याची १२० मिनिटं ८५ वर आली.

निकाल

आकड्यांत याचा अर्थ फार गमतीचा निघाला. ओंकारची पट चारवरून पावणेतीनच्या थोडी वर आली, म्हणजे बसवराजच्या अडीचच्या अगदी जवळ. दोघांमधला फरक मिटत गेला तसा अदलाबदलीतला फायदाही आटत गेला. तीन पाळ्या भांड्यांच्या बदल्यात एक स्वयंपाक, हा जुना दर आता ओंकारला तोट्याचा होता: ९० मिनिटं देऊन ८५ वाचणार. सीएकडे काम करणाऱ्याच्या हे लक्षात आल्याशिवाय कसं राहील? जुलैपासून आम्ही चूल चार दिवस बसवराज आणि दोन दिवस ओंकार अशी केली. गॅलरीकडची खोली बसवराजकडेच राहिली. त्याबद्दल कुणी बोललं नाही.

वाचलेला वेळ किती, यापेक्षा भांडणं थांबली हे मोठं. तीही पूर्ण थांबली नाहीत. महेश आणि मी शेपूच्या जुडीवरून दोन दिवस अबोला धरला होता, पण ते वेगळं प्रकरण.

आज पुन्हा करायचं झालं तर

मोजणी एकदाच केली ही चूक. ती दोन महिन्यांनी पुन्हा व्हायला हवी होती, विशेषतः ऋतू बदलल्यावर. शिकण्याचा रविवार पहिल्याच आठवड्यापासून ठेवायला हवा होता. त्यात मिनिटं वाया जातात, पण अकरा दिवसांच्या वडापावपेक्षा ती स्वस्तच.

आणि दुसरं. बसवराजला सगळ्यात पटकन का यायचं, हे मी मोजणीच्या वेळी विचारलंच नाही. आई शेतात मजुरीला जायची. थोरला म्हणून दहाव्या वर्षापासून धाकट्यांना भाकरी घालायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे त्याचा 'लाभ' हा पंधरा वर्षांच्या कामातून आलेला. आमच्या घरी सांगोल्यात आई म्हणते, "तुझ्या बहिणीच्या हाताला उरक आहे, तिलाच करू दे." मीही ते खरं मानून ताटावर बसायचो. उरक होताच. पण तो तिच्या हातात कुणी आणि कधी घातला, हे तक्त्यात कुठं येतं? ज्याला येतं त्यानंच करावं, असं ठरलं की ज्याला येत नाही त्याला कधीच येत नाही. त्या मेमध्ये गावी गेलो तेव्हा चहा मी केला. बहिणीनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

तिसरी गोष्ट मोजणाऱ्याची. मोजणीच्या पंधरवड्यात मी भांडी खरं तर वीस मिनिटांत घासत होतो. वहीत तीस लिहीत होतो. मला भांडी आवडत नाहीत, खाऱ्या पाण्यानं हात फाटतात, आणि तक्ता मीच करणार असल्यामुळे कुठला आकडा कुठं नेऊन बसवेल हे मला आधीच दिसत होतं. खरी वीस लिहिली असती तर माझी पट साडेचार झाली असती, ओंकारच्या चारपेक्षा जास्त. मोरी माझ्या वाट्याला आली असती. घराची रोज दहा मिनिटं मी खाल्ली, आणि ती ओंकारच्या हातांनी.

हे मी जुलैत एका रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. महेश हसत सुटला. बसवराज म्हणाला, "सर, पेपर तुम्हीच काढायचा आणि तुम्हीच सोडवायचा." ओंकार काही बोलला नाही. वही मागून घेतली, मागची पानं उलटली, पाळ्या मोजल्या. बहात्तर. गुणिले दहा, सातशे वीस मिनिटं, बारा तास. वहीच्या उजव्या बाजूला माझ्या नावापुढे त्यानं 'मागील बाकी' असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कढई माझ्याकडे सरकवली.